सावलीतला सोनटक्का

रोपवाटिकेत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "आमच्याकडे ऊन येत नाही, फूल कोणतं लावू?" उत्तरादाखल बहुधा मनी प्लांट, सिंगोनियम, नाहीतर नेच्याची कुंडी हातात पडते. फुलासाठी ऊन हवंच, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. गुलाब, जास्वंद, झेंडू, शेवंती यांच्यापुरता तो खराही आहे. पण ज्यांच्या असंख्य पिढ्या मोठ्या वृक्षांच्या छत्राखाली वाढल्या आणि तिथेच फुलल्या, अशाही बहुवर्षायू वनस्पती आहेत. त्यांतली एक मराठी परसात कितीतरी काळ नांदते आहे. ती म्हणजे सोनटक्का.

श्रावण लागला की कोकणातल्या परड्यात, विहिरीच्या काठाला, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर अळू, कर्दळ, केळ यांच्या सोबतीने सोनटक्का फुलायला लागतो. माणसाच्या उंचीचं झाड, दोन ओळींत मांडलेली लांबट हिरवी पानं आणि शेंड्याला पांढरी, पातळ, फुलपाखरासारखी फुलं. तिन्हीसांजेला सगळं अंगण त्या वासाने भरून जातं. गौरी-गणपतीच्या पूजेत हे फूल असतं, केसांत माळलेलं असतं, आणि पुढे कार्तिकापर्यंत ते येत राहतं. इतकं जवळचं फूल असूनही शहरातल्या कुंडीत ते आणलं की अनेकांकडे नुसती पानं वाढतात, पानांची टोकं करपतात आणि फूल काही येत नाही.

म्हणून सोनटक्क्याच्या लागवडीविषयी बोलताना सुरुवात कुंडी-मातीपासून करून चालत नाही. झाड कुठल्या रानातून आलं हे एकदा समजलं, की ऊन किती, पाणी किती, खत कधी, छाटणी कुठे, या सगळ्याची उत्तरं तिथूनच मिळतात. माझ्या मते बागकामातली निम्मी चिंता झाडाचं मूळ घर न पाहिल्यामुळे निर्माण होते.

सोनटक्क्याचं घर पूर्व हिमालयाचा पायथा, ईशान्य भारत, म्यानमार आणि तिथून दक्षिण चीनपर्यंतचा पट्टा. पाऊस भरपूर, हवा दमट, जमीन वर्षानुवर्षं कुजलेल्या पालापाचोळ्याची. त्या जंगलातही तो अगदी गर्द काळोखात राहत नाही. ओढ्याचा काठ, दरड कोसळून मोकळी झालेली जागा, जंगलाची कड, अशा ठिकाणी त्याचे ताटवे दिसतात. म्हणजे डोक्यावर कुणाची तरी सावली, पण एका बाजूने आकाश उघडं, आणि पायाशी कायम ओल. या तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

आता सावलीविषयी थोडं बोलायला हवं, कारण सावल्याही अनेक प्रकारच्या असतात. घनदाट सदाहरित जंगलात वरच्या छत्रावर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम एक-दोन टक्के प्रकाश जमिनीपर्यंत पोचतो. जो पोचतो तोही गाळलेला असतो. वरच्या पानांनी त्यातला लाल आणि निळा भाग अन्न बनवण्यासाठी आधीच वापरलेला असतो, आणि डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा दूर-लाल प्रकाश तेवढा खाली उतरतो. झाडांना हा फरक कळतो. फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य पानांत असतं, ते या दोन प्रकारच्या लाल प्रकाशांचं प्रमाण टिपतं आणि डोक्यावर कुणी आहे की नाही हे झाडाला त्यातून समजतं. शिवाय जंगलात कवडसे असतात. वारा आला, पानं हलली, की काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत खऱ्या उन्हाचा एक तुकडा खालच्या पानावर येऊन पडतो. तळाशी वाढणाऱ्या वनस्पतींच्या दिवसभराच्या कमाईत या कवडशांचा वाटा फार मोठा असतो.

सावलीत वाढणाऱ्या वनस्पतींची पानं त्यामुळे रुंद, पातळ आणि मिळेल तो प्रकाश वाया न घालवणारी असतात. सोनटक्क्याचं पान वीतभर ते हातभर लांब, भाल्याच्या पात्यासारखं निमुळतं, देठ जवळजवळ नसलेलं. पानं दोन ओळींत, एक या बाजूला आणि पुढचं त्या बाजूला येतात. या मांडणीमुळे एका पानाची सावली दुसऱ्यावर फारशी पडत नाही. बाजूने येणारा प्रकाश त्यांना नीट मिळतो. पातळ पान असण्याची किंमतही असते. चैत्र-वैशाखातल्या दुपारच्या उन्हात ते पाण्याचा पुरवठा टिकवू शकत नाही आणि टोकाकडून करपायला लागतं.

इमारतीची सावली जंगलातल्या सावलीपेक्षा वेगळी असते, आणि ही गोष्ट शहरातल्या बागप्रेमींच्या फायद्याची आहे. भिंत प्रकाश गाळत नाही, ती फक्त थेट ऊन अडवते. समोर आकाश उघडं असेल तर त्या सावलीत येणारा प्रकाश सगळ्या रंगांचा असतो आणि जंगलाच्या तळापेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून ज्या गॅलरीला आपण 'अंधारी' म्हणतो ती सोनटक्क्याच्या हिशेबाने बरेचदा पुरेशी उजेडाची असते. एक सोपी कसोटी सांगतो. दुपारी दिवा न लावता त्या जागी बसून वर्तमानपत्र सहज वाचता आलं आणि हातांची पुसटशी तरी सावली पडली, तर तिथे सोनटक्का जगेल. फुलण्यासाठी मात्र त्याला दिवसाचे दोन-तीन तास तरी कोवळं ऊन किंवा झाडातून झिरपलेलं ऊन हवं. अजिबात ऊन नसलेल्या जागी तो पानांचा हिरवागार ताटवा देईल, फुलं मोजकीच येतील किंवा येणारच नाहीत.

पूर्वेची गॅलरी सगळ्यात उत्तम, हे सांगायला नको. पण उत्तरेच्या गॅलरीबद्दल मुद्दाम लिहावंसं वाटतं, कारण तिला सगळेच निकामी ठरवतात. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर तर मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. याचा अर्थ असा, की उत्तरेच्या गॅलरीत वर्षातलं जे काही तिरपं ऊन येतं ते नेमकं याच सहा महिन्यांत, सकाळ-संध्याकाळी येतं. सोनटक्क्याचा वाढीचा आणि कळ्या धरण्याचा हंगाम हाच. थंडीत तिथे ऊन नसतं, पण तेव्हा तो विश्रांतीकडे झुकलेला असतो आणि त्याला उन्हाची फार गरजही नसते. समोर दुसरी इमारत अगदी चिकटून नसेल तर उत्तरेच्या गॅलरीत सोनटक्का लावून पाहाच. पश्चिमेला लावायचा असेल तर मार्च ते मे पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधावी लागेल.

ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी मोठ्या झाडाखाली लावताना एक गोष्ट पाहावी. आंब्याखाली सावली दाट असते आणि वरच्या थरातलं पाणी आंब्याची मुळं ओढून घेतात. कोरडी सावली हा सोनटक्क्यासाठी वाईट पत्ता. नारळ-पोफळीखाली मात्र उजेड हलता असतो, पाटाचं पाणी फिरत असतं आणि झावळ्यांचा कचरा जमिनीवर कुजत असतो. कोकणातल्या वाड्या आणि गोव्यातली कुळागरं ही हिमालयाच्या पायथ्यापासून शेकडो कोस दूर असूनही सोनटक्क्याला घरच्यासारखी वाटावीत, इतकी त्यांची परिस्थिती त्या जंगलाच्या कडेशी जुळते.

सह्याद्रीच्या जंगलातही कंदवर्गीय वनस्पती पुष्कळ आहेत : रानहळद, शेवळं, कळलावी, फोडशी. त्या आठ महिने जमिनीखाली झोपून काढतात, पावसाच्या आगेमागे वर येतात, घाईघाईने पानं-फुलं करतात आणि पाऊस सरला की दिसेनाशा होतात. सोनटक्का त्यांच्यासारखाच जमिनीखालच्या कंदावर जगतो, पण त्याला पूर्ण झोपेची सवय नाही, कारण त्याच्या मूळ घरी ओढ्याकाठची ओल सहसा संपत नाही. म्हणून कोकणात पाण्याच्या आसऱ्याला तो बारमाही हिरवा राहतो, आणि देशावर, जिथे माघानंतर हवा कोरडी पडते, तिथे पानं पिवळी पडून तो मागे हटतो. अनेक जण त्या वेळी झाड मेलं समजून कुंडी रिकामी करतात. तसं करू नये. पाणी कमी करावं, पण बंद करू नये. गड्डा मातीत ओलसर राहिला की चैत्रात लालसर कोंब वर डोकावतात.

हा गड्डा सोनटक्क्याचा खरा जीव. सोनटक्का आल्या-हळदीच्या कुळातला आहे आणि त्याचा कंदही आल्यासारखाच आडवा, गाठीगाठीचा, तोडला तर सुगंधी. जमिनीवर जे खोड दिसतं ते बरंचसं पानांच्या आवरणांची गुंडाळी असते. प्रत्येक फुटवा वाढतो, त्याच्या शेंड्याला एकदाच तुरा येतो, आणि त्याचं काम संपतं. तो फुटवा पुन्हा कधीही फुलत नाही. पुढच्या वर्षीची फुलं गड्ड्यातून येणाऱ्या नव्या फुटव्यांवर येतात.

या एका गोष्टीत छाटणीचं सगळं शास्त्र आलं. फूल शेंड्यालाच येत असल्यामुळे झाड उंच वाढलं म्हणून ज्येष्ठ-आषाढात शेंडे खुडले, तर त्या वर्षीची फुलं गेली. पानं भरघोस आणि फूल नाही, अशी तक्रार असली की मी आधी हेच विचारतो, की शेंडे कापले होते का? फुलून गेलेला फुटवा मात्र काढायलाच हवा. तोही लगेच नको. त्याची पानं हिरवी आहेत तोवर ती अन्न बनवून गड्ड्यात साठवत असतात. पानं पिवळी झाली की तो जमिनीलगत धारदार सुरीने कापावा. कापलेल्या खोडांचे तुकडे करून त्याच आळ्यात टाकले की त्यांचं आच्छादन होतं.

लागवडीला सगळ्यात चांगला काळ चैत्र-वैशाख. जुन्या ताटव्यातला गड्डा खणून काढावा आणि प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन ठसठशीत डोळे येतील असे तुकडे करावेत. तुकडा बोटभर तरी लांब असावा. फार लहान तुकडा जगतो, पण त्याचं फूल पहिल्या वर्षी बहुधा येत नाही. कापलेली बाजू एक दिवस सावलीत सुकू द्यावी, थोडी राख लावावी, आणि मग तुकडा आडवा, डोळे वरच्या बाजूला ठेवून दीड-दोन इंच मातीखाली पुरावा. जमिनीत दोन तुकड्यांत दीड ते दोन फुटांचं अंतर ठेवावं. ते सुरुवातीला उगाच रिकामं वाटतं, पण दोन पावसाळ्यांत भरून जातं.

कुंडी खोल असण्यापेक्षा रुंद असावी. गड्डा खाली जात नाही, आडवा पसरतो. सोळा-अठरा इंच तोंडाची कुंडी, जुना टब किंवा मोठं घमेलं चालेल; तळाला भोकं मात्र हवीत. मातीत निम्मं तरी सेंद्रिय द्रव्य असावं : जुनं मुरलेलं शेणखत, गांडूळखत, आणि मिळत असेल तर झाडाखाली कुजून काळा झालेला पालापाचोळा. हा शेवटचा घटक मी सगळ्यात मोलाचा मानतो. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, पण पोषण फारसं देत नाही. पालापाचोळ्याचं खत दोन्ही करतं आणि ते फुकट आहे. सोसायटीच्या आवारात रोज सकाळी झाडून पेटवली जाणारी पानं म्हणजे सोनटक्क्याची मूळ जमीन आहे. ती पोत्यात भरून, ओली ठेवून पाच-सहा महिने कुजू द्यावीत.

पाण्याबाबत सोनटक्का बहुतेक कुंडीतल्या झाडांपेक्षा निराळा आहे. "माती सुकली की पाणी घाला" हा सर्वसाधारण सल्ला त्याला लागू करू नये. वाढीच्या काळात, म्हणजे चैत्र ते कार्तिक, माती कधीच पूर्ण सुकता कामा नये. ओढ्याकाठचं झाड असल्यामुळे फुटवे जोमात असताना काही दिवस साचलेलं पाणीही ते सहन करतं. मात्र थंडीत, वाढ थांबलेली असताना, चिखलात ठेवलेला गड्डा कुजतो. त्या काळात माती नुसती ओलसर पुरे. पाऊस पडत असला तरी गॅलरीतल्या कुंडीत तो पोचतोच असं नाही, हे आषाढात विसरलं जातं. बाहेर धो-धो पाऊस आणि छज्ज्याखालच्या कुंडीत कोरडी माती, ही स्थिती फार घरांत असते. नेमक्या त्याच दिवसांत फुटव्यांच्या शेंड्यात तुरा तयार होण्याची वेळ असते. पानांची टोकं सतत तपकिरी होत असतील तर एक कारण हवेतला कोरडेपणा, आणि दुसरं क्षारयुक्त बोअरचं पाणी. अशा ठिकाणी पावसाळ्यात कुंड्या काही दिवस उघड्या पावसात ठेवल्या तर साठलेले क्षार धुऊन जातात.

खताचं फार अवडंबर नको. लागवडीच्या वेळी मूठभर निंबोळी पेंड, आणि ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत. युरियासारखं नत्राचं खत दिलं तर पानं गडद आणि लुसलुशीत होतात, तुरे कमी येतात. अधूनमधून चमचाभर लाकडाची राख मातीत मिसळली तर पालाश मिळतं. दसऱ्यानंतर खत बंद.

रोग-किडी फार नाहीत. कोरड्या उन्हाळ्यात पानांच्या मागे लाल कोळी येतो, पानांवर बारीक फिकट ठिपके दिसू लागतात. पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारत राहिलं की तो आटोक्यात राहतो. पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या कापडाने पुसून निंबोळी तेलाचा फवारा द्यावा. आणखी एक पाहुणा येतो, त्याच्यासाठी मात्र फवारा उचलू नये. पावसाळ्यात एखादं पान कडेने दुमडून, रेशमाने शिवून त्याची नळी केलेली दिसते. आत फिकट हिरवी अळी असते. ती ग्रास डेमन या काळसर, पांढऱ्या ठिपक्यांच्या लहान फुलपाखराची. हळद, आलं, सोनटक्का यांसारख्या झाडांच्या पानांवर ते अंडी घालतं. दोन-चार पानं तिला दिली तर ताटव्याचं काही बिघडत नाही, आणि त्या फुलपाखराला शहरात दुसरीकडे अन्न मिळणं अवघड असतं.

दर तीन वर्षांनी गड्डे काढून विभागणी करावीच. कुंडीत गड्डे एकमेकांवर चढतात, मध्यभागी जुने, फुटवा न देणारे तुकडे राहतात आणि नवे कोंब कडेला भिंतीशी दाटी करतात. फुलं कमी होत जाण्याचं हे दुसरं मोठं कारण. मधला जुना भाग काढून टाकून कडेचे ताजे, फिकट सालीचे तुकडे लावावेत.

आता फुलाकडे वळू. तुऱ्याच्या टोकाशी एकमेकांवर खवल्यांसारखी रचलेली हिरवी आवरणं असतात. प्रत्येकाच्या पोटात दोन-तीन किंवा अधिक कळ्या दडलेल्या असतात आणि त्या एकदम उमलत नाहीत, पाळीपाळीने उमलतात. त्यामुळे एक फूल दिवसभरच टिकलं तरी एक तुरा बरेच दिवस चालू राहतो. आपण ज्यांना मोठ्या पांढऱ्या पाकळ्या समजतो ते खरं तर पुंकेसरांचं रूपांतर आहे. खऱ्या पाकळ्या अरुंद फितींसारख्या मागे वळलेल्या असतात आणि सहसा कुणाच्या नजरेत भरत नाहीत. खालचा रुंद, मध्ये दुभंगलेला, तळाशी पिवळसर झाक असलेला ओठ दोन वांझ पुंकेसर जुळून झाला आहे. बाजूचे दोन पंखही पुंकेसरांचेच. परागकण देणारा पुंकेसर एकच उरला आहे, आणि फुलाचा स्त्रीकेसर त्याच्याच परागकोशाच्या दोन कप्प्यांमधून वर येऊन टोकाशी बाहेर डोकावतो. आल्या-हळदीच्या कुळात साधारण अशीच रचना असते, पण ती नुसत्या डोळ्यांनी नीट पाहायला सोनटक्क्याएवढं मोठं आणि सोयीचं फूल दुसरं नाही. शाळेतल्या मुलांना एकदा उलगडून दाखवावं.

मध सात-आठ सेंटिमीटर लांब नळीच्या तळाशी असतो. मधमाशीची जीभ तिथे पोचत नाही. लांब सोंडेचे हॉक मॉथ जातीचे पतंग पोचतात, आणि ते संधिप्रकाशात व रात्री उडतात. पांढरा रंग आणि संध्याकाळी वाढत जाणारा वास त्यांच्यासाठी आहे. लिनॅलूल, मिथाइल बेंझोएट, ओसिमीन, सिनिओल ही त्या वासातली प्रमुख द्रव्यं. लिनॅलूल लॅव्हेंडरमध्येही असतं, आणि सिनिओल निलगिरी तेलातलं मुख्य द्रव्य आहे. सोनटक्क्याच्या गोडव्यात जो एक थंड, तजेलदार धागा जाणवतो तो त्याचा. फुलं माळायची असतील तर दुपारी, उमलण्याच्या बेतात असलेल्या टपोऱ्या कळ्या देठ धरून काढाव्यात आणि पाण्याच्या वाटीत किंवा ओल्या फडक्यात ठेवाव्यात. संध्याकाळी त्या आपोआप उमलतात. उमललेल्या पाकळीला बोट लावलं की तिथे तपकिरी डाग पडतो, म्हणून हाताळणी कळीवरच आटोपावी.

मध्य प्रदेशात अमरकंटकच्या परिसरात हेच झाड गुलबकावली म्हणून ओळखलं जातं आणि त्याच्या फुलांचा अर्क डोळ्यांसाठी विकला जातो. तो महाराष्ट्रातही येतो. घरी काढलेला किंवा रस्त्यावर घेतलेला असा कुठलाही अर्क डोळ्यांत घालू नका. निर्जंतुक नसलेल्या द्रवाने डोळ्याला होणारा संसर्ग दृष्टी घालवू शकतो.

सोनटक्क्याच्या नात्यातलं आणखी एक झाड आपल्या घरात दर दिवाळीला येतं. उटण्यातली कपूरकाचरी म्हणजे हिमालयात मध्यम उंचीवर वाढणाऱ्या त्याच्याच एका भावंडाच्या गड्ड्याच्या वाळवलेल्या चकत्या. हेडिकियम हे या दोघांच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव. तिच्यात ऐंशीच्या वर जाती आहेत आणि भारतातल्या बहुतेक ईशान्येकडच्या ओल्या डोंगरांत आहेत. पिवळ्या फुलांचा सोनटक्का आपल्याकडेही लावला जातो, त्याची निगा अगदी अशीच.

पांढऱ्या सोनटक्क्याची शास्त्रीय नोंद १७८३ साली झाली. योहान गेरहार्ड क्यॉनिग हा लिनियसचा विद्यार्थी १७६८ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडी या डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आला. पुढे तो मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत लागला आणि सयाम-मलाक्कापर्यंत फिरला. त्याने केलेलं वर्णन स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ रेट्झिअसने प्रसिद्ध केलं. त्यानंतर हे झाड उष्ण कटिबंधातल्या बागांमधून जगभर गेलं. क्युबाने १९३६ मध्ये त्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला. स्पेनविरुद्धच्या लढ्यात तिथल्या स्त्रिया या फुलांत चिठ्ठ्या लपवून नेत असत, असं क्युबात सांगतात. हवाई बेटांवर त्याच्या माळा गळ्यात घालतात.

पण हवाईत, ब्राझीलमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेत त्याने दुसरंही रूप दाखवलं. ओढ्याकाठी निसटलेला गड्डा पसरत जातो, पुराच्या पाण्याबरोबर त्याचे तुकडे पुढे वाहत जातात, प्रत्येक तुकडा नवा ताटवा उभा करतो, आणि त्या दाट ताटव्याखाली तिथल्या मूळच्या वनस्पतींना जागा उरत नाही. सावलीत वाढण्याचा जो गुण आपल्याला गॅलरीत हवासा वाटतो, त्याच गुणामुळे तो दुसऱ्याच्या जंगलात आतपर्यंत शिरू शकतो. त्याची पिवळ्या फुलांची हिमालयी बहीण, काहिली जिंजर, न्यूझीलंडच्या जंगलांत इतकी पसरली, की तिथे तिची लागवड आणि विक्री दोन्ही बंद आहेत. पिवळ्या सोनटक्क्यावरही तिथे तीच बंदी आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी गावची आठवण म्हणून सामानात गड्डा घालून नेऊ नये. जिथे राहता तिथला नियम आधी पाहावा आणि परवानगी असेल तर तिथल्याच रोपवाटिकेतून घ्यावा. थंड देशांत तो कुंडीतच ठेवावा आणि हिवाळ्यात घरात घ्यावा, कारण गोठवणाऱ्या कडाक्याच्या थंडीत गड्डा टिकत नाही.

सह्याद्रीतही सोनटक्का बागांमधून निसटून ओढ्यांच्या काठी दिसतो. आंबोली, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी ओढ्याकाठची जागा तिथल्याच नेच्यांची, तेरड्यांची आणि रानहळदीची आहे. तेव्हा विभागणी करून गड्डे जास्त झाले तर शेजाऱ्यांना द्या, शाळेच्या बागेत लावा, सोसायटीतल्या इमारतीच्या उत्तरेच्या सावलीत एक वाफा करा. उरलेले तुकडे उन्हात खडखडीत वाळवून मगच खतात टाका. सहलीला जाताना ते रानातल्या ओढ्याकाठी हौसेने लावू नका, आणि घरामागच्या नाल्यातही फेकू नका.